बहिऱ्या सासऱ्याचा रियाज

कळंबच्या बाजारात कुणाची कंबर किती इंच, हे समोरच्या अडत्यालाही ठाऊक असे. कारण गुरप्पा शिंप्यांना माप ओरडून सांगावं लागे. कान मात्र त्यांचे इतके तिखट, की दोन दुकानं पलीकडं सुई पडली तरी त्यांना कळावं.

निजामी गेली आणि आम्ही उत्साहाच्या भरात नाटक मंडळी काढली. आमच्या फार्सात गुरप्पा बहिरा सासरा झाले. येरमाळ्याच्या यात्रेत ते काम असं रंगलं, की पुढं दरसाल लोक तोच फार्स मागू लागले. पार उमरग्याहून बोलावणी आली. उद्घाटनाला आलेले साहेब तासभर बोलत, तेव्हा प्रेक्षक बहिरे असत. गुरप्पा आले की सगळ्यांचे कान उघडत.

मग गुरप्पा दुकानातही बहिरे झाले.

"काय म्हनलाव?"

"झंपरचा गळा लहान ठेवा!" एखादी बाई ओरडे आणि अर्धा बाजार वळून बघे. मागं काजं करत बसलेल्या त्यांच्या पत्नी, पार्वतीबाई, हसून मान डोलवत.

"अहो, नाटकाला सहा महिने आहेत," मी एकदा वैतागून ओरडलो.

"रियाज हाय, मास्तर. खंड पडला की सोंग कच्चं व्हतंय."

गुरप्पांना मनातून राजा व्हायचं होतं. आमच्या ऐतिहासिक नाटकातली राजाची भाषणं ते कापड बेतताना पुटपुटत. "एकदा तरी मला बघून लोकांनी हसू न्हाय," म्हणत.

आमचे राजे पेशानं तलाठी. त्यांची बदली झाली आणि मी तालमीत गुरप्पांना राजा म्हणून उभं केलं. पहिलं भाषण संपलं तरी पेटीवाल्याला सूर धरायचं भान नव्हतं. मी खुशीत जाहीर केलं, "आता बहिऱ्याला दुसरा माणूस बघू. गुरप्पा, सुटला तुमचा रियाज!"

दुसऱ्या दिवशी ते नाटकाची वही घेऊन माझ्या दारात.

"मला आपलं बहिरंच ठिवा."

"का पण?"

"काय म्हनलाव?"

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हेच उत्तर. 'घाबरला गडी,' असं मंडळीत ठरलं. ठरवण्यात मीच पुढं होतो. राजा मग तहसील कचेरीतल्या एका पेशकारांनी केला. लोक हसले.

आणखी सात वर्षं गुरप्पा बहिरे राहिले. मग पार्वतीबाई तापानं गेल्या. मी भेटायला गेलो. ते मशीनपाशी बसले होते.

"फार वाईट झालं, गुरप्पा!" मी सवयीनं ओरडलो.

"हळू बोला, मास्तर. मला येतंय ऐकू. तिलाच येत नव्हतं."

मी खाली बसलो.

"दुसऱ्या बाळंतपनात कान गेले तिचे. लोक बहिरी म्हनतील म्हनून लई भ्यायची. गिऱ्हाईक आलं की आत जाऊन बसायची. मग म्या नाटकाचं निमित्त केलं. समदे वरडाय लागले, आन् ती भाईर येऊन बसाय लागली."

"त्यांना माहीत होतं?"

"न्हाय. मरस्तवर म्हनायची, सोडा की ते सोंग, लोकांचे घसे बसलेत."

मग मी अगदी हळू विचारलं, "यंदा राजा करता का?"

त्यांनी मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड सारखं केलं.

"भाषनं इसरलो, मास्तर," ते म्हणाले.