विरजणाची चौकशी

पंचफुलाबाईंनी सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बोट बुडवलं. बोटावरून दूध थेंब थेंब गळू लागलं. दही आजही लागलं नव्हतं. उद्या त्यांच्या लेकीला, धम्मप्रियाला, बघायला धर्माबादचे पाहुणे येणार होते, आणि मुलाच्या आईला बाई फोनवर सांगून बसल्या होत्या, "आमच्या घरच्या दह्याची वडी पडती, वडी!"

"इरजन बदलून बघितलं, तरी तेच," त्या म्हणाल्या. "कुनीतरी मुद्दाम करून राहिलंय हे."

त्यांचे यजमान धम्मानंद सर विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. गावच्या रेडिओवर ते 'असं का होतं?' हा कार्यक्रम करत. कांदा कापताना डोळ्यांत पाणी का येतं, हे नांदेडला आपल्यामुळेच कळलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सध्या दाढ सुजल्यामुळे ते गाल धरून बोलत, त्यामुळे विज्ञान जास्तच गंभीर वाटे.

बाईंचा संशय शेजारच्या बिलकीसवर होता. मागच्या आठवड्यात तिला विरजण दिलं होतं, आणि तेही दिवेलागणीनंतर. तेव्हापासून दही रुसलं होतं. त्या भिंतीपाशी जाऊन म्हणाल्या, "काय गं बिलकीस, तुझं दही लागून राहिलं असंल झकास?"

"कुठलं, भाभी! तुमचं इरजन घातल्यापासून दूध नुसतं बघत बसलंय माझ्याकडं. मला तर वाटलं, भाभींनी मुद्दाम खराब दिलं का काय!"

"मी? मुद्दाम?"

दोघींचं बोलणं कायमचं बंद होणार, एवढ्यात सर मधे पडले. "दही जिवाणूंमुळं लागतं. दोन्ही घरी ते मेले. दोन्ही घरी दूध कुनाचं? मलप्पाचं. म्हंजे त्यानं म्हशीला अँटिबायोटिक टोचलं. ते दुधात उतरतं आन जिवाणू मारतं."

एवढ्यावर थांबते तर सर कसले? दुपारी त्यांनी हेच रेडिओवर सांगितलं. म्हशीचं नाव घेतलं नाही, पण गल्लीत रतीब घालणारी म्हैस एकच होती.

संध्याकाळी मलप्पा म्हशीला घेऊनच दारात आला.

"सर, तपासा. कुठं सुई टोचली, दाखवा." त्यानं हातातला वाडगा उपडा केला. दही हललं नाही. "ह्याच म्हशीचं हाय. ह्याचं इरजन घाला. लागलं न्हाई तर म्हस इकतो!"

गल्ली जमली. पंचफुलाबाईंनी वाडग्यातलं थोडं दही विरजणाच्या वाटीत काढलं. सरांनी म्हशीभोवती एक फेरी मारली. म्हशीनंही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत विज्ञानाबद्दल फारसा आदर नव्हता.

"घाईनं निष्कर्ष काढायचा नसतो," असं म्हणत सरांनी घड्याळ बघितलं. औषधाची वेळ झाली होती. अख्खी कॅप्सूल त्यांच्या घशाखाली उतरत नसे. बोलता बोलता त्यांनी ती खिशातून काढली, फोडली, बाईंच्या हातातली विरजणाची वाटी घेऊन आतली पावडर तीत झटकली, वरवरचं चमचाभर दही कालवून खाल्लं आणि उरलेली वाटी बाईंच्या हातात परत दिली.

अख्खी गल्ली त्या वाटीकडे बघू लागली.

"अहो," बाईंनी हळूच विचारलं, "हे रोज करता?"

"रोजच. दह्यात कडू लागत न्हाई."

"कशाचं औषध हाय हे?"

"दाढेचं. साधं अँटि..." सर थांबले. गालावरचा हात कपाळावर गेला.

"सर," बिलकीस म्हणाली, "म्हशीची माफी मागा."

मलप्पाच्या वाडग्यात उरलेल्या दह्याचं विरजण रात्री दोन्ही घरांत पडलं, आणि सकाळी दोन्ही घरांत वडी पडली. धर्माबादच्या बाईंनी दही दोनदा मागून खाल्लं. निघताना त्या म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय बरं का. आन ह्या दह्याचं थोडं इरजन द्या की. आता घर एकच."

पंचफुलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वाटी भरली, पुढे केली आणि एकदम मागे घेतली.

"देते की, ताई," त्या म्हणाल्या. "पर आधी खरं सांगा, तुमच्या घरी कुनाची दाढ तर दुखत न्हाई ना?"