आप्पांचा कडू घास

शिवराजने आपल्या आजोबांना मारलं ते निव्वळ आळसापायी. ‘माझे आजोबा’ हा निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि इकडे मॅच रंगात आलेली. त्याने मोबाइलमधल्या एआयला हुकूम सोडला, ‘डोळ्यांत पाणी येईल असं लिही.’ एआय आज्ञाधारक! त्याने शेवटच्या परिच्छेदात आजोबांना देवाघरी धाडलं. शिवराजने एक डोळा मॅचवर ठेवून सगळं जसंच्या तसं वहीत उतरवलं.

निबंध वर्गात पहिला आला, संमेलनात वाचायलाही निवडला गेला. स्वारी कॉलर ताठ करून हिंडू लागली. पण संध्याकाळी मराठी शिकवणाऱ्या वैजयंतीबाई त्याच्या शुक्रवार पेठेतल्या घरी हजर, हातात पिठलं-भाकरीचा डबा! मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बाईंनी रीतीप्रमाणे कडू घास आणला होता.

दार आप्पांनीच उघडलं.

“शिवराजचे आजोबा गेले, मला आजच कळलं,” बाई हुंदका आवरत म्हणाल्या. “आपण त्यांचे कोण?”

“मीच की त्यो,” आप्पा म्हणाले. “पन मला अजून कुनी सांगितलं न्हाय!”

बाईंनी गोंधळून निबंधाची सगळी हकिकत सांगितली. मग आप्पांनी शिवराजला तो निबंध मोठ्यानं वाचायला लावला. पहाटे शेतात राबणारे, रात्री गोष्टी सांगणारे आजोबा शेवटी गेले, तेव्हा आप्पा उपरण्याने डोळे पुसत होते.

“लई चांगला मानूस हुता बिचारा. पन पोरा, ह्यो कोन? मी जलमभर होटगीला रेल्वेत. शेत कुटलं मला?”

शिवराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निबंध मोबाइलने लिहिला, हे त्याने कबूल केलं. आप्पा शेजारच्याच खोलीत होते आणि आपण एक शब्द विचारला नाही, याची त्याला फार लाज वाटली.

“चूक माझीही आहे,” बाई म्हणाल्या. “रडू आलं आणि मार्क देऊन मोकळी झाले. यात आमचा शिवराज कुठंय, ते पाहिलंच नाही. उद्या स्वतः लिहून आण, नाहीतर संमेलनातून नाव कमी.”

“मग मोबाइलला काहीच विचारायचं न्हाय?” शिवराजने विचारलं.

“विचार की! शुद्धलेखन तपासून घे. पण आजोबा घरातलेच घे.”

शिवराज कोरा कागद घेऊन बसला, पण पहिलं वाक्यच सुचेना. आप्पांनी मात्र डबा उघडून भाकरी मोडलीसुद्धा.

“आप्पा, ते तर तुमच्या...”

“व्हय, माझ्याच नावाचं हाय. गेल्यावर मला कोन वाढनार?” त्यांनी पुन्हा पिठलं वाढून घेतलं. “हां, लिही. आमचे आप्पा सोताच्या मयताचं पिठलं दोनदा घेऊन खाल्ले.”

शिवराज हसत हसत लिहू लागला. आप्पांनी बाईंकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“आनी मीठ कमी हुतं, ते बी लिही.”