वाकडा चाप

नांदेडकडच्या गोरेगावातल्या छोट्या दवाखान्यात नवा चाप आला तेव्हा कंपाउंडर भागवतला कोण आनंद झाला! दिसायला प्लास्टिकचा फुटकळ तुकडा. पण सोनोग्राफीच्या यंत्राला तो बसवला की त्याच्या खोबणीतून घातलेली सुई पडद्यावरच्या रेघेनं थेट गाठीत जायची. गाठीचा कणभर तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. शहरात याला महागडी यंत्रं लागतात, आपल्या गरिबाला हाच चाप पावणार, असं डॉक्टर अपर्णा म्हणायच्या.

पहिला मान रुख्मिणीबाईचा होता. तांड्यावरच्या या बाईच्या छातीत गाठ होती आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. तिकडं नेलेली तिची जाऊ परत आली नव्हती. भागवतनं खेटे घालून घालून तिला राजी केलं. इथंच टोचायचं आणि दुपारी घरी जायचं, असं त्यानं वचनच दिलं होतं.

आता आपल्याकडं ट्रॅक्टर येवो की पिठाची गिरणी, आधी हळदीकुंकू लागतं. चापानं काय घोडं मारलं होतं? डॉक्टर यायच्या आधी भागवतनं चाप पाटावर मांडला, फूल वाहिलं, अगदी शेजारी निरांजन लावलं आणि रुख्मिणीमावशीसाठी हात जोडले. तेवढ्यात तांड्यावरून येणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. बाई दार बघूनच माघारी फिरेल या धास्तीनं तो तसाच जीपच्या अड्ड्यावर धावला. तिथं तिला चहा पाजण्यात, तिचा नवरा थावरा याची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. निरांजन बिचारं इमानानं जळत राहिलं.

बाई खाटेवर आडवी झाली आणि इथंच माशी शिंकली. डॉक्टरांनी आधी पाण्याच्या भांड्यात सुई घालून बघितली. पडद्यावरची रेघ एकीकडं आणि सुई भलतीकडंच. चाप आचेनं कलला होता.

"भागवत, याला काय झालं?"

"पूजा केली म्याडम," भागवत म्हणाला.

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. गाठ लहान, तीही खोल. अंदाजानं टोचायची त्यांची छाती होईना. नवा चाप मागवायचा म्हणजे आठवडा गेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच, आणि कर्म कुणाचं ते भागवतला पक्कं ठाऊक होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुख्मिणीबाई उठून बसली. "देवाला काय मागितलं व्हतं रं?"

"मावशीची पीडा तू घे, म्हणलो."

"मंग घेतली की त्यानं."

तिनं चाप कपाळाला लावला, पदर सावरला आणि चालू लागली. डॉक्टर मागून सांगत राहिल्या, पण ऐकतंय कोण? थावरानं तर पेढे वाटले. भागवतला तो पेढा गिळवेना.

आठ दिवसांनी नवा चाप आला आणि पाठोपाठ भरलेली जीप आली. ज्या बायका दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या त्या पदराआड लपवलेली दुखणी घेऊन रांगेत उभ्या, आणि पुढं पुढारीण रुख्मिणीबाई. सगळ्यांना हवा होता तो वाकडाच चाप. डॉक्टरांनी डोकं चालवलं. आधी वाकडा कपाळाला लावायचा, मग सरळ्यानं तपासायचं. ज्यांना गाठी होत्या त्यांनी मुकाट्यानं टोचून घेतलं.

खाट रिकामी झाली तसा भागवत रुख्मिणीबाईपुढं हात जोडून उभा राहिला.

"मावशी, आता तुमी पडा."

"मी काहून? मी बरी हाय. ह्या बायांना घेऊन आले फकस्त."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चमत्कार न्हाई मावशी. दिव्याची आच लागली म्हून वाकला त्यो. दिवा मीच ठेवला व्हता."

बाईनं मायेनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"दिवा तू लावला रं लेकरा. वाकवला कोनी?"

आणि ती जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.