तीनजूट

पोरांनो, एका जंगलात एक पडकी विहीर व्हती. कुठलं जंगल म्हनून कुनी इचारलं तर मी उठून जाईन. जंगल म्हनलं ना, जंगल.

विहिरीवर वडाची फांदी आलेली. फांदीवर माकडांची टोळी. टोळीचा पुढारी सर्जेराव हुप्प्या. त्याला एकच भाषन यायचं, एकजुटीचं. सकाळी एकजूट, दुपारी एकजूट. खायला काय न्हाई म्हनलं तरी एकजूट.

एक दिवस साळू माकडिनीचं पिल्लू विहिरीत पडलं. पान्याच्या वर वडाचं एक मूळ आलेलं, ते धरून लोंबकळलं. मूळ कुजकं. साळू काठावर आली आन् आत वाकली.

माकडं म्हनली, साखळी करू. आता माकडाला चार हात. पाय म्हनू नका, त्यानं बी ते धरतंयच. एकानं दुसऱ्याचा एक हात धरायचा आन् खाली लोंबायचं. वर फांदीला सर्जेराव, त्याच्या खाली त्याचा चमचा गेनबा, मंग दोन तरनी माकडं, आन् शेवटाला साळू. लांबच लांब साखळी झाली. साळूचं बोट पिल्लाच्या केसाला लागलं.

तेवढ्यात सर्जेरावाच्या हाताला घाम सुटला. म्हनला, "ही एकजूट कच्ची हाय. वर घ्या समद्यांना."

तिथं एक पोपट बसायचा. तालुक्याच्या कॉलेजात, बाटल्या-नळ्यांच्या खोलीत, पिंजऱ्यात राहून आलेला. तो म्हनला, "अनूंचं बी असंच असतंय. कार्बनच्या अनूला बी चारच हात. एका हाताचा एक बंध असला तर लांब, पर कच्चा. दोन असले तर जवळ आन् पक्का. तीन असले तर लई जवळ, लई पक्का."

सर्जेरावानं त्यातलं 'पक्का' तेवढं ऐकलं. बाकीचं त्याच्या कानात शिरलंच न्हाई. पुढाऱ्याचा कान तसलाच असतो, त्याला कुनी काय करावं?

"एकजूट म्हंजी एकच का? भिकारडी कुठली. आजपासनं तीनजूट."

त्यानं एक हात फांदीला ठेवला आन् तीन हातांनी गेनबाला आवळलं. गेनबानं बी तिन्ही दिले. नाकाला नाक लागलं. गेनबानं सकाळीच कुनाच्या तरी रानातला लसूण खाल्लेला. मंग खालच्या दोघांनी बी एकमेकाला तीन हातांनी गच्च केलं. त्यांच्याकडं एकेक हात उरला. वरच्यानं गेनबाचा उरलेला हात धरला, खालच्यानं साळूचा.

आता बघा. हात जास्त, तितकी माकडं जवळ. माकडं जवळ, तितकी साखळी आखूड. साळू चालली वर. खाली पिल्लू बघतंय, आय वर चाललीया.

साळू म्हनली, "दादा, जरा लांब व्हा की. पोरगं राहिलं खाली."

सर्जेराव म्हनला, "ही फुटीची भाषा कोन करतंय?"

पोपट सांगत व्हता की तीन हात हिकडं दिले की तिकडं एकच उरतो, साखळी तिथंच तुटनार. पर तीनजुटीचा जयजयकार चाललेला. त्यात पोपटाचं कोन ऐकतंय?

आन् तिथंच तुटली. गेनबाच्या त्या एका हातातनं खालची तिघं निसटली आन् धपाधप पान्यात. कुजकं मूळ बी गेलं. साळूनं पान्यातच पिल्लाला धरलं आन् मानेवर घेतलं.

काठावरची माकडं हुकुमाची वाट बघत बसली न्हाईत. हुकूम देनाराच वर अडकलेला. एक हात शेजाऱ्याला, बाकीचे दगडाच्या कपारीत. साधी एकजूट, पर लांब. पान्यापर्यंत पुरली. आधी पिल्लू वर आलं, मंग साळू, मंग ती दोघं.

वर सर्जेराव आन् गेनबा अजून लोंबतच व्हते. लाख वढलं तरी तीनजूट सुटंना. सर्जेरावाच्या डोळ्यातनं पानी. टोळीला वाटलं, पिल्लू वाचलं म्हनून रडतोय. लसनाचा वास कुनाला ठावं?

पोपट म्हनला, "तीन बंध तोडायला लई जोर लागतो. समद्यांनी मिळून वढा."

माकडांनी साळूकडं बघितलं. ती पिल्लाचं अंग पुसत व्हती. तिनं एकदा मान वर केली.

म्हनली, "राहू द्या. पक्की हाय म्हनत व्हते."

टोळी जांभळं खायला निघून गेली.

तात्पर्य: एकजूट करावी. पर पुढाऱ्याची आन् त्याच्या चमच्याची मात्र तीनजूटच करून द्यावी. ती सुटत न्हाई, आन् बाकीच्यांचे हात कामाला मोकळे राहत्यात.