पाडळसोंडचा समुद्रकिनारा

धुळे जिल्ह्यात तापीच्या काठावर वसलेलं पाडळसोंड हे गाव समुद्रापासून सव्वादोनशे किलोमीटर आत असलं, तरी ते किनारपट्टीवर येतं. ही गोष्ट गावाला एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता पत्राने कळवण्यात आली. तोपर्यंत गावाला त्याची कल्पना नव्हती. आता यात हसण्यासारखं काही नाही. पत्राला जावक क्रमांक होता, खाली सही होती, आणि सहीखाली शिक्का होता.

झालं होतं ते असं. समुद्र वाचवायला नऊ देश एकत्र आले होते. अकरा दिवस त्यांची बैठक चालली. पहिले नऊ दिवस बोधचिन्हातला निळा रंग कोणता असावा यावर गेले, कारण प्रत्येक देशाचा समुद्र थोडा वेगळा निळा निघाला. दहाव्या दिवशी ‘समुद्र ही सर्वांची सामायिक जबाबदारी आहे’ असं एकमताने ठरलं, आणि सर्वांचीच असल्यामुळे ती कोणा एकावर टाकता येईना. तेव्हा अकराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, तोडगा निघाला. समुद्रात घाण येते नद्यांतून. नद्यांत येते काठच्या गावांतून. म्हणजे नदीकाठचं प्रत्येक गाव हे मुळात समुद्रकाठचंच गाव झालं की! बैठकीला ही गावं हजर नव्हती, त्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

पत्र आलं ते ग्रामपंचायत अधिकारी संघमित्रा तायडे यांच्या टेबलावर. संघमित्रा मूळची भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, कामाला वाघ, आणि पाडळसोंडला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. ही तीन वर्षं तिने एका नाल्याच्या मागे घालवली होती. गावाच्या वरच्या अंगाला नोकरदार मंडळींची नवी कॉलनी झाली होती. तिच्या सगळ्या संडास-मोऱ्यांचं पाणी एका नाल्याने नदीत उतरायचं, आणि नेमकं तिथून चाळीस पावलं खाली ती विहीर होती जिच्यातून गावाच्या नळांना पाणी चढतं. दर उन्हाळ्यात गावात कावीळ यायची. नाल्याचं पाणी पाइपाने विहिरीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडावं, असा प्रस्ताव संघमित्राने अकरा वेळा पाठवला. बाराव्या वेळी तो मंजूर झाला, आणि चक्क पाइप येऊन पडले. येत्या सोमवारी खोदाईला जेसीबी येणार होता.

पाइप उतरत होते तेव्हा पार्वताबाई काठी टेकत बघायला आली होती. तिची आठ वर्षांची नात प्राची धुळ्याच्या दवाखान्यात होती, डोळे हळदीसारखे पिवळे झालेली.

“ताई, मनी नात परत ई तवलोंग पाईप टाकाई जाई ना?” तिने विचारलं.

“टाकाई जाई, अक्का,” संघमित्रा म्हणाली. भुसावळच्या पोरीला तीन वर्षांत तेवढी अहिराणी आली होती. “माझा शब्द आहे.”

सरकारी माणसाने शब्द देऊ नये, याचं प्रशिक्षण खरं तर दिलं पाहिजे.

तर त्या मंगळवारच्या पत्रासोबत चौसष्ट रकान्यांचा तक्ता होता. किनाऱ्याची लांबी, भरती-ओहोटीच्या वेळा, खारफुटीचं क्षेत्र, कासवांची घरटी, खाडीचं मुख गावाच्या कोणत्या दिशेला. ऑनलाइन भरायचा, मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. आपल्याकडे पत्र नेहमी मुदतीच्या दिवशीच येतं. आधी आलं तर लोक वाचत बसतात. कोणताही रकाना रिकामा सोडला की संगणक लाल व्हायचा, आणि शून्य लिहिलं की आणखी लाल व्हायचा.

साडेचारला तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘नमुना भरलेला तक्ता’ टाकला. आता हे काही नवीन नाही. कुठल्याही कचेरीत जा, माहिती अशीच भरली जाते. एकाने भरायची, बाकीच्यांनी गावाचं नाव बदलायचं. नमुना कोकणातल्या कुठल्याशा गावाचा होता. संघमित्राने गाव, तालुका, जिल्हा बदलला, बाकीचं उद्या नीट बघू म्हणाली, आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी बटण दाबलं. ‘धन्यवाद, आपली माहिती सदस्य राष्ट्रांना पोहोचली आहे,’ असं आलं. दुरुस्तीचं बटण तिने पुष्कळ शोधलं. ते नव्हतंच.

सोमवारी जेसीबी आला आणि त्याच्या मागोमाग मनाईहुकूम आला. गावाच्या पश्चिमेस खाडीचं मुख असल्याचं ग्रामपंचायतीनेच कळवलं आहे, गावाच्या पश्चिमेस एकच प्रवाह आहे, तो म्हणजे सदर नाला. सबब सदर नाला ही खाडी असून तिच्या पाचशे मीटरच्या आत खोदाई, पाइप टाकणे अथवा प्रवाह वळवणे यास सक्त मनाई. जेसीबीवाल्याने चहा घेतला आणि तो परत गेला.

संघमित्रा तशीच पंचायत समितीत गेली. विस्तार अधिकारी प्रेमराज बोरोले साहेब तिथे बावीस वर्षं होते आणि आजवर त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण त्यांच्या हातून काहीच झालं नव्हतं.

“साहेब, चूक माझी आहे. नमुना तसाच गेला. लेखी देते, दुरुस्त करून घ्या.”

“तायडे मॅडम, तालुक्याचा विषय असता तर एका शेऱ्यात मिटवला असता. माहिती नऊ देशांत गेलीय. एक्केचाळीस घरटी दाखवलीत तुम्ही कासवांची. अख्ख्या राज्यात तुमचा दुसरा नंबर आहे.”

“पण कासवं नाहीतच, साहेब.”

“नाहीत म्हणजे? गेल्या मंगळवारी होती. सहा दिवसांत एक्केचाळीस घरटी गेली, तर ती कोणाच्या काळात गेली? मॅडम, चौकशी बसते त्यात.”

“आणि तो नाला? त्याचं पाणी लोक पितात. मुलं आजारी पडतात.”

बोरोले साहेबांनी आवाज खाली आणला. “मुलं आरोग्य विभागाकडे. आपल्याकडे कासवं.”

संघमित्रा बाहेर आली आणि जिन्यावरच बसली. आपण एक बटण दाबलं आणि तीन वर्षांची मेहनत मातीत गेली, याचा तिला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पण संतापावर कुठला विभाग कार्यवाही करतो? आठच दिवसांत दुसरं पत्र आलं. पाडळसोंडची असामान्य कामगिरी पाहण्यासाठी नऊ देशांचं पथक येत होतं.

पथक आलं ते सुरतेहून, पाच वातानुकूलित गाड्यांत, बाटलीबंद पाण्याचे बारा खोके घेऊन. कॉलनीच्या सोसायटीने रातोरात कमानीवर ‘सागरदर्शन नगर’ असं लिहून घेतलं होतं. जेवणाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. पाहुण्यांनी भरिताची तारीफ केली आणि ते समुद्रातल्या कुठल्या जिवाचं आहे ते विचारलं. दुभाषी म्हणून धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मिसबाह मॅडमना आणलं होतं. त्या बिचाऱ्या खरं तेच भाषांतर करत होत्या, पण खरं ऐकायची ऐकणाऱ्याला सवय असावी लागते.

मग सगळे नाल्यावर गेले. पाणी काळं होतं, वर साबणाचा हातभर फेस, आणि वास असा की गावचं कुत्रंही वळसा घालून जायचं. पथकाच्या प्रमुख, एक उंच गोऱ्या बाई, काठावर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी नळीत पाणी घेतलं, यंत्र बुडवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. पाण्यात क्षार भरपूर होते. आता चारशे घरांच्या मोऱ्यांच्या पाण्यात क्षार असायचेच, पण यंत्राला घरं मोजता येत नव्हती. खाडी सिद्ध झाली.

“भरती केव्हा येते?” बाईंनी विचारलं.

मिसबाह मॅडमनी तो प्रश्न हिलाल नानाला विचारला. नाना गेली तीस वर्षं विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचा, त्यामुळे पाण्याबद्दल बोलायचा अधिकार गावाने त्याला दिला होता.

“सकायमा सात ते नऊ,” नाना म्हणाला. “कॉलनीना लोके आंघोय करतस तवय. रईवारले उशिरा येस.”

भाषांतर झालं. रविवारी भरती उशिरा येते, ही नोंद बाईंनी दोनदा अधोरेखित केली. जगात अशी दुसरी खाडी नव्हती.

“आणि कासवं?”

“एक व्हतं. त्याना बी दोन वरीसफाईन पत्ता नही.”

“अतिशय लाजाळू प्रजाती,” बोरोले साहेबांनी घाईने सांगितलं, तेही थेट इंग्रजीतून.

संघमित्राला राहवेना. नोकरी गेली तर जाऊ दे, असं म्हणून ती पुढे झाली. पण तिच्या आधी पार्वताबाई गर्दीतून पुढे आली होती. तिच्या हातात घरच्या नळाचं पाणी भरलेला स्टीलचा पेला होता. तिने तो बाईंच्या पुढे धरला.

“पाव्हना उना तं पानी देनं पडस,” ती म्हणाली. “प्या ना बाई. मनी नात हाईच पानी पिस. ती दवाखानामा शे, पंचवीस दिन व्हयनात. तुम्ही नऊ देशना लोके शेतस. एक घोट तुम्ही बी पी देखा.”

मिसबाह मॅडमनी शब्दन्‌शब्द सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी पार्वताबाईचा हात दोन्ही हातांत धरला. पेला मधल्या मध्ये बोरोले साहेबांनी काढून घेतला. त्या संध्याकाळी अहवालात एक परिच्छेद वाढला: ‘स्थानिक स्त्रियांचं या परिसंस्थेशी असलेलं नातं शारीरिक आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्यात कोणताही हस्तक्षेप होता कामा नये.’

निघताना पाहुण्यांनी काठावर सामूहिक शपथ घेतली. बारा खोक्यांतल्या रिकाम्या बाटल्या वाऱ्याने नाल्यात गेल्या आणि भरतीबरोबर विहिरीकडे निघाल्या.

महिन्याभरात नाला आंतरराष्ट्रीय संरक्षित खाडी म्हणून प्रस्तावित झाला. पडून राहिलेल्या पाइपांचं कासव-संवर्धन केंद्राला कुंपण झालं. केंद्रात कासव नव्हतं, पण पहारेकरी होता. प्राची दवाखान्यातून घरी आली, पाय काड्यांसारखे, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा कावीळ झाली तर लिव्हर साथ देणार नाही, पाणी बदला. पार्वताबाई पाणी उकळून द्यायला लागली. पण पोर दिवसभर शाळेत असायची, आणि शाळेतही तोच नळ होता.

एकच वाट उरली होती, आणि ती संघमित्राने नियमावलीच्या बत्तिसाव्या पानावर शोधून काढली. प्रस्ताव कायम होण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस काढून तीस दिवस हरकती मागवणं बंधनकारक होतं. एक हरकत आली तरी प्रस्ताव थांबणार होता. फक्त एक.

तिने स्वतःची दिली. सरकारी नोकराला हरकत घेता येत नाही, म्हणून ती परत आली. हिलाल नानाची परत आली, कारण तो पंचायतीचा नोकर. पार्वताबाईने अंगठा लावून दिली. ती हितसंबंधी असल्याने तिची हरकत निःपक्षपाती धरता येत नाही, असा शेरा पडला. गावच्या सगळ्यांना तोच शेरा. ते पाणी पितात, म्हणजे त्यांचा हितसंबंध उघडच आहे. कॉलनीवाले स्वतःच्या बोअरचं पाणी प्यायचे, म्हणून त्यांना हरकत घेता आली असती, पण त्यांनी अभिनंदनाचा ठराव पाठवला. हरकत हवी होती ती बाहेरच्या माणसाची. ज्याचं गाव नाही, नाला नाही, पेलाही नाही. जो शिकलेला आहे, वर्तमानपत्र घेतो, आणि ज्याला पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिता येतात. असे नागरिक राज्यात काही कोटी आहेत, असं संघमित्राने हिशेब करून पार्वताबाईला सांगितलं. दोघींना मोठा धीर आला.

तिसाव्या दिवशी दुपारी पार्वताबाई प्राचीला घेऊन पंचायतीत येऊन बसली. पोरीचे डोळे परत पिवळे झाले होते. पाच वाजता संघमित्राने सगळ्यांसमोर हरकतींची पेटी उघडली. आत काही नव्हतं. तिने पेटी उलटी करून झटकली, पुन्हा बघितलं, आणि अहवालात लिहिलं: हरकती निरंक, सबब सर्व नागरिकांची संमती गृहीत.

“एक बी मानूस पेपर वाचत नही का, ताई?” पार्वताबाईने विचारलं.

“वाचतात, अक्का,” संघमित्रा म्हणाली.

वाचतातच. त्या संमतीत तुमचीही धरलेली आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय माहीत, आमच्या नजरेला आलं नाही. नोटीस पान सातवर होती, जळगावच्या सोन्याच्या भावाच्या अगदी खाली, आणि भाव तुम्ही वाचला होता.