चाक टेकत नाही तिथलं अंतर

पेडण्यातले आमचे शेजारी बाबुसोकाका सायकलवर बसत नाहीत. ते तिला हाताने धरून चालवतात आणि पुढच्या चाकाला बांधलेली तांबडी चिंधी किती वेळा वर आली ते मोजतात. सुर्ल्याच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक हाकलेला हा माणूस, पण रस्त्यावरच्या पाट्यांवर काडीचा विश्वास नाही. "पाटी फट मारता, चाक मारना," म्हणजे पाटी खोटं बोलते, चाक बोलत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

मोपाच्या विमानतळापर्यंतचं अंतर त्यांनी असंच मोजलं. फाटकावर शिपायाने हटकलं, तर त्यालाच दटावलं, "राव मरे, आकडो चुकतलो!" आकडा चुकलाच. काका घरी परतले आणि पुन्हा एकापासून सुरू झाले.

असा माणूस विमानात बसणार कसा? मुलगी शैला बँकेच्या नोकरीत बदली होऊन आसामात, दिब्रुगडला. दोन वर्षं रजा नाही. दर रविवारी फोनवर तिचं एकच, "बाबा, तुम्हीच या ना. आणि पदेराकडचे उंडे आणा. इथला पाव नुसता गोड लागतो." काकांचंही एकच, "बाय, वयर चाक टेकना. थंय अंतर कोण मेजतलो?"

शेवटी मी शहाणपणा केला. मोबाइलवर बघून ठणकावलं, "काका, मोपा ते दिब्रुगड अडीच हजार किलोमीटर. साडेतीन तास!"

 दुसऱ्या दिवशी पाववाल्या पदेराचा भोंगा वाजताच काका बाहेर. दोन उंडे घेतले. एक गरम खाल्ला, दुसरा फडक्यात गुंडाळला आणि घड्याळ लावून साडेतीन तासांनी दाबून बघितला. चार दिवस हा प्रयोग चालला. मलाही दाबायला बोलवायचे.

"कसो?"

"मऊ आहे, काका."

"मगीर जमता. काड तिकीट!"

मी काढलं. तारीख बघितली, भाडं बघितलं. वेळ बघायची राहिली. ती बघितली निघायच्या आदल्या दिवशी. साडेतीन तास हे नकाशावरच्या सरळ रेषेचे. थेट विमानच नव्हतं. सकाळी निघून, दोनदा विमान बदलून, पोचायला दिवेलागण. बायको म्हणाली, "आता तुम्हीच सांगा, हुशार!"

विमानतळावर सोडताना गाडीत सांगणार होतो. पण काकांच्या मांडीवर गरम उंड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हात तिच्यावर. विमानं दोनदा बदलायची एवढंच सांगितलं. तास गिळले.

संध्याकाळी फोन वाजला. शिव्या खायची तयारी करूनच उचलला. आधी ऐकू आली शैला, मागून, तोंड भरलेलं, "बाबा, दगड झालेत हो! चहात बुडवून खाते. आणखी एक द्या."

मग काकांनी घसा खाकरला.

"तुझो आकडो बरोबर रे," ते म्हणाले. "साडेतीनच तास लागले."