दस्तगीरमामा आणि तापलेलं जनावर

मी माझ्या गाडीच्या एसीचा खटका अख्खा उन्हाळा लाल रंगाकडं फिरवून ठेवला होता. निळं म्हणजे कमी आणि लाल म्हणजे फुल्ल, असा माझा ठाम समज. उकाडा वाढला की मी खटका आणखी लालकडं रेटायचो, आणि तोंडावर चुलीपुढं बसल्यासारखा झोत यायचा. मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर आहे. लाल हा उष्ण रंग आणि निळा हा शीत रंग, हे मी दरवर्षी पाचवीच्या पोरांकडून घोकून घेतो.

फिटरकडं गाडी नेली असती तर प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. पण समोरच्या घरात दस्तगीरमामा राहत होते.

मामांचा जन्म गेला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात, कंपाउंडर म्हणून. शेवटची बरीच वर्षं कागलला. रिटायर झाले, पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. तुम्ही नमस्कार केलात की ते आधी तुमच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघत आणि मग नमस्कार घेत. आमच्या गल्लीत मुलगी बघायला आलेल्या एका नवरदेवाचा डोळा त्यांनी दारातच खाली ओढला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "रगत कमी हाय." नवरदेव पांढराफटक पडला. मामा म्हणाले, "बगा, म्हटलं न्हवतं?"

त्यांच्या लेखी जगात यंत्र असं काही नव्हतंच. सगळी जनावरं. आमच्या घरचा मिक्सर आवाज करायला लागला तर, "जंत झाल्यात." शेजारच्यांचा टेबलफॅन एकाच बाजूला मान वळवायचा, त्याला "मानेत वारं भरलंय". आणि प्रत्येक तपासणीच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "मुकं जनावर हाय, घाई करू नगा."

गाडी गरम हवा फेकते म्हटल्यावर ते लगेच आले. बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला. मग आत बसून एसीच्या जाळीपुढं तळहात धरला.

"श्वास गरम हाय. ताप हाय हिला."

"गॅस संपला असंल मामा. फिटरला दाखवू का?"

"फिटर? त्ये लोक चिरफाड करत्यात, मास्तर. आधी पाला, मग गोळी, मग सुई. सुरी सगळ्यात शेवटी. पेट्रोल कुठलं पाजलंय?"

मी पंपाचं नाव सांगितलं. मामांनी नुसतीच मान हलवली, जणू मी तिला उकिरड्यावर चारलं होतं.

उपचार सुरू झाले. बॉनेटवर ओली गोणपाटं. दुपारी जुंपायची नाही. संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत हळू चालवत न्यायची, "पोट मोकळं होतं." एके दिवशी ते जनावरांना औषध पाजायचा बांबूचा नळा घेऊन आले. त्यात हिंग आणि गोडंतेल. मी त्यांचा हात धरला नसता तर ते सगळं रेडिएटरच्या तोंडात गेलं असतं. शेवटी तडजोड म्हणून त्यांनी ते बॉनेटला चोळलं. महिनाभर माझ्या गाडीला फोडणीसारखा वास येत होता. कोपऱ्यावरची पोरं ओरडायची, "मास्तर, आटली काय हो म्हस?"

मी हे का सोसलं? खरं सांगायचं तर मामा एवढ्या खात्रीनं बोलत की माझी स्वतःची खात्री त्यांच्यापुढं उभीच राहत नसे. आणि मग मे महिना लागला आणि कळलं, की हा खेळ नव्हता.

मामांना एकच लेक, जैबू. सोलापूरला दिलेली. तिला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. सोलापूरहून विहीणबाईंचा निरोप आला, "घरात बाईमाणूस न्हाई, तितं काय पाठवायचं? आणि ह्या उन्हात एसटीनं तर न्हाईच न्हाई." मामांनी परभारे उलटा निरोप धाडला, "एसीच्या गाडीनं न्यायला येतो. ऐतवारी." गाडी माझी, एसी माझा, ऐतवारही माझा. मला शुक्रवारी कळलं.

"मामा, अहो ती बरी कुठं झालीय?"

"हुईल की. लांबचा पल्ला पडला की जनावर ताळ्यावर येतं." पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

पल्ला पडला. सांगोल्याच्या पुढं तर काच उघडून बाहेरची झळ आत घेतल्यावर बरं वाटत होतं. सोलापुरात पोचलो तेव्हा माझा सदरा सीटला चिकटला होता आणि मामा मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते.

विहीणबाई अंगानं भरलेल्या आणि बोलायला मोकळ्या. चहा झाल्याबरोबर म्हणाल्या, "चला, बघू तरी कसली गाडी हाय." भर दुपारी, टळटळीत उन्हात सगळे गाडीत बसलो. पोटुशी पोरगी पुढं म्हणून जैबू माझ्या शेजारी, मागं विहीणबाई आणि मामा. काचा वर. मी देवाचं नाव घेऊन एसी लावला आणि खटका होता नव्हता तेवढा लालकडं रेटला.

झोत आला. विहीणबाईंच्या कपाळावरून घामाची धार लागली. त्यांनी मामांकडं बघितलं.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून घेतला आणि म्हणाले, "लईच गारठा केलाय मास्तर. जरा कमी करा."

हे त्यांनी एवढ्या गंभीरपणे म्हटलं की क्षणभर मलाही अंगावर काटा आल्यासारखं वाटलं. विहीणबाई म्हणाल्या, "भाईजान, तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

तेवढ्यात जैबूनं हात पुढं केला आणि खटका निळ्याकडं फिरवला. "अवो काका, तांबडं म्हंजे गरम. चित्र काढून दिलंय की हितं."

थोड्या वेळात थंडगार हवा सुटली. मामांनी टॉवेल काढला नाही, आता खरंच थंडी वाजत होती.

मला वाटलं, सुटलो. पण विहीणबाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "गाडी गार झाली. घराचं काय? रांधणार कोण? पोरीचं करणार कोण? म्हशीचं बाळंतपण न्हाई हे, भाईजान."

मामांनी पिशवी उघडली, डबा काढला आणि झाकण काढून मधे धरला. आत डिंकाचे लाडू होते. एकसारखा एक नव्हता. काही बैलाला द्यायच्या औषधाच्या गोळीएवढे, काही बोरासारखे.

"हिची आई होती तवर मी पाणीबी हातानं घेतलं न्हाई," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "आता भाकरी जमत्या. पयल्या पयल्यांदा कुत्र्यानंबी खाल्ल्या न्हाईत. तेलपाण्याला गल्लीतली सुईण हमीदाबी येणार हाय, बोलून ठेवलंय. दवाखाना जवळ हाय. रातचं जागायची मला सवयच हाय. तिला फकस्त घरात येऊन बसू द्या. घरात कोण बोलत न्हाई वो."

जैबू काचेबाहेर बघत होती. मी उगाच आरसा नीट केला.

विहीणबाईंनी एक लाडू उचलला, मोडला, खाल्ला. बराच वेळ चावला.

"गूळ जास्त झालाय," त्या म्हणाल्या. मग जैबूला म्हणाल्या, "जा, पेटी भर."

मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसतच राहिले.

विहीणबाई उतरता उतरता थांबल्या. माझ्याकडं बोट करून मामांना म्हणाल्या, "बाळंतपण घरात करा, दवाखान्यात करा, तुमचं तुम्ही बघा. फकस्त ह्या मास्तरला काय इचारू नका."